विळी, सुरी आणि मधली शंभर वर्षं

रोजच्या स्वयंपाकाला कोणती सुरी घ्यावी, हा प्रश्न आमच्या आजीला कधी पडला नाही. तिच्याकडे विळी होती, आणि विळी निवडायची नसते, ती घरात असतेच. पाट जमिनीवर, त्यावर एक पाय, उभं वळणदार पातं स्वतःकडे धार करून, आणि दोन्ही हात मोकळे. सुरीत पातं हलतं आणि भाजी थांबते. विळीत पातं थांबतं आणि भाजी हलते. त्यामुळे आळूची जुडी असो की लाल भोपळ्याची फोड, जोर दोन्ही हातांचा मिळायचा. टोकाला खवणी असली की नारळही तिथेच. गोव्यात हिलाच आदोळी म्हणतात, बंगालात बोटी. मासे खाणाऱ्या कित्येक घरांत मासळीची विळी वेगळी असायची.

हे पातं लोहाराकडचं, साध्या पोलादाचं. लोहार ते तापवून पाण्यात बुडवून कडक करायचा. यालाच 'पाणी देणं' म्हणतात. अशा पात्याला धार पटकन लागते आणि बरी टिकते. खोड एकच. केळफूल चिरलं की पातंही काळं आणि बोटंही. भाजीतलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) आणि लोखंड एकत्र आलं की निळसर काळा रंग होतो. जुनी शाईसुद्धा याच रसायनाने बनायची. कैरी चिरून पातं तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी गंज. म्हणून चिरणं झालं की पातं पुसून कोरडं करायचं, हा घरचा नियम.

ही कटकट फक्त आपली नव्हती. इंग्लंडात चाकूसुऱ्यांसाठी शेफिल्ड शहर चौदाव्या शतकापासून प्रसिद्ध. तिथल्या कारागिरांचा संघ १६२४ साली रीतसर स्थापन झाला. पण त्यांच्या सुऱ्याही काळ्या पडायच्या. श्रीमंतांच्या घरी त्या रोज घासून लख्ख करणं हे वेगळं काम असे, आणि फळांना लोखंडाची चव लागू नये म्हणून चांदीचे चाकू ठेवत.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. १७९०च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी भारतीय 'वुट्झ' पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. वुट्झ हा शब्द कन्नड 'उक्कु'वरून आला असं मानतात. हे दक्षिण भारतातलं, मुशीत वितळवलेलं, भरपूर कार्बनचं पोलाद. त्याची धार तिकडच्या कारागिरांना चकित करणारी होती. लंडनचे धारदार हत्यारं बनवणारे जेम्स स्टोडार्ट त्याच्या मागे लागले, आणि १८१९ ते १८२२च्या सुमारास त्यांनी मायकेल फॅरेडेबरोबर पोलादात वेगवेगळे धातू मिसळून पाहिले. विजेच्या शोधांमुळे आपण ओळखतो तेच हे फॅरेडे. त्यांचे वडील लोहार होते. या मिश्रणांत पोलादाला गंजापासून वाचवणारं क्रोमियमही होतं, पण फारच थोडं. गंज थांबवायला ते पुरेसं नव्हतं.

पुरेसं प्रमाण सापडायला १९१३ उजाडलं. शेफिल्डच्या प्रयोगशाळेत धातुतज्ज्ञ हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत होते, स्वयंपाकघर त्यांच्या डोक्यातही नव्हतं. ऑगस्टमध्ये ओतलेल्या एका मिश्रणात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के होता. त्यावर आम्लाचा परिणाम होईना. हेच पुढे स्टेनलेस स्टील. त्यांच्या लक्षात आलं की हे सुऱ्यांसाठी उपयोगी आहे. पण जे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या साधं पोलाद ठोकत आले होते, त्यांच्या हाताला हे बसेना. तापवण्याचं गणित वेगळं, ठोकायला चिवट. सुरुवातीच्या सुऱ्या इतक्या बोथट निघाल्या की 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' म्हणून ब्रेअर्लींची टिंगल झाली.

ही टिंगल मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्या ड्रॉवरमधली सुरी अजून त्याच भांडणात अडकलेली आहे. क्रोमियम वाढवला की डाग पडत नाहीत. धार टिकायला मात्र कार्बन हवा आणि नीट पाणी दिलेलं हवं. चांगल्या युरोपीय सुऱ्यांत आज साधारण अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियम असतो. स्वस्त सुरीत पहिली काटछाट इथेच होते. चमक तीच, दांडा रंगीत, आणि महिन्याभरात टोमॅटोची साल चेपली जाते, कापली जात नाही. 'स्टेनलेस' हा शब्द वाचून घ्यायचं तर आपल्या डब्याचं, वाटीचं स्टीलही स्टेनलेसच असतं. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराला कितीही तापवून पाणी द्या, कडकपणा येत नाही. त्याला चुंबकही सहसा चिकटत नाही. म्हणून दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक बरोबर न्या आणि लावून बघा. पात्याला ते चिकटायलाच हवं. चिकटलं म्हणजे सुरी उत्तम असं नाही. चिकटलं नाही तर मात्र सरळ परत ठेवा.

जपानचा रस्ता वेगळा. १८७६ साली तिथे सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली आणि तलवारी घडवणारे बरेच हात स्वयंपाकघराच्या पात्यांकडे वळले. दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांत रुळलेली 'सांतोकू', म्हणजे तीन गुणांची सुरी, आपल्या भाज्यांना चांगली जमते असं माझं मत. सहा-सात इंच लांब, धार जवळजवळ सरळ, त्यामुळे कोबी-गाजर वरून खाली सरळ चिरता येतं. मात्र जपानी पातं जास्त कडक आणि धारेला पातळ. त्याने सुकं खोबरं फोडायला जाल तर कपचा उडेल.

आपल्याकडे सुरी आली ती पोलादामुळे नाही, उंचीमुळे. १९५०च्या दशकात मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला, पुढे फ्लॅटमध्ये ओटा आला आणि बाई उभी राहिली. विळीला पाय लागतो, ओट्यावर पाय कुठून आणणार? (ओट्यावर ठेवायच्या घडीच्या विळ्या निघाल्या, पण तो समझोता आहे.) गंमत अशी की सुरी आली आणि कापायची फळी आलीच नाही. विळीवर हवेत चिरायची सवय हातात राहिली. आई अजून कांदा तळहातावर धरूनच चिरते. म्हणून आपल्या बाजारात चार इंची, हलकी, बहुधा दातेरी सुरी खपते. तळहातावर आठ इंची सुरी कोण चालवेल? फळी घेतली की सहा इंची रुंद पात्याची सुरी हाताला जड वाटत नाही. फळी लाकडी हवी. ग्रॅनाइटचा ओटा आणि धार यांचं सख्य विळ्या-भोपळ्याएवढंच.

आमच्या गल्लीत अजून महिन्यातून एकदा धारवाला येतो, सायकल स्टँडवर लावून पायडल मारत चाक फिरवतो. मागच्या खेपेला मी आजीच्या विळीचं पातं आणि माझी स्टीलची सुरी दोन्ही दिली. विळीच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटत होत्या, तो कार्बन. सुरीच्या तुरळक आणि आखूड. घाईत त्याने सुरी चाकावर जरा जास्त दाबली आणि टोकाशी निळी झाक आली. त्यानेच ती मला दाखवली आणि म्हणाला, "इथलं पाणी उतरलं, ताई." पैसे फक्त विळीचे घेतले.