शब्दकोड्यांतील रोमन अंक

ज्या संकेताचे उत्तर किंवा उत्तराचा एखादा तुकडा रोमन अंकाच्या चिन्हांतून मिळतो, असा संकेत इंग्रजी शब्दकोड्यांत नेहमी आढळतो आणि मराठीतही रचता येतो. रोमन पद्धतीत चिन्हे सातच आहेत : आय (१), व्ही (५), एक्स (१०), एल (५०), सी (१००), डी (५००) आणि एम (१०००).

संख्या हेच उत्तर असेल, तर घरांची संख्या मोजणे ही पहिली पायरी होय. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या लिंगांची संख्या विचारली, तर अडुसष्टसाठी एल-एक्स-व्ही-आय-आय-आय अशी सहा घरे लागतात. सोलापुरातील १९३० च्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) लढ्यातील मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आली. ते साल एम-सी-एम-एक्स-एक्स-एक्स-आय असे सात घरांत बसते. १९०० ते १९९९ मधले कोणतेही साल एम-सी-एम नेच सुरू होत असल्याने पहिली तीन घरे हिशेब न करताच भरावीत. चूक बहुधा वजाबाकीत, म्हणजे मोठ्या चिन्हाआधी लहान चिन्ह लिहून ते वजा करण्यात, होते. आय हे चिन्ह फक्त व्ही आणि एक्स यांच्याआधीच वजा होते, त्यामुळे नव्व्याण्णव म्हणजे आय-सी नव्हे, तर एक्स-सी-आय-एक्स. कूटप्रश्न रचणारे मात्र हा नियम सोयीने मोडतात, हे सोडवणाऱ्याने गृहीत धरलेले बरे.

मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, तेही काना-मात्रेसह, लिहिले जात असल्याने येथे चिन्हाच्या किमतीपेक्षा त्याचा उच्चार कामी येतो. डी आणि सी एका घरात मावतात. आय आणि एल यांना दोन घरे लागतात. ‘सुपात तंबाखू-पाने घेऊन वळतात, शेवटी रोमन पाचशे’ या दोन घरांच्या संकेताचे उत्तर ‘विडी’ हे सोलापूरकराला संख्येकडे न पाहताही सुचेल. ‘रोमन शंभरानंतर संक्षेपाने माननीय, पलीकडे कर्नाटक’ याचे उत्तर ‘सीमा’. सर्वांत फसवा नमुना ‘आयकर’चा : ‘रोमन एकाला हात जोडला की सरकारला द्यावे लागते’. येथे हात म्हणजे ‘कर’ हे सुचले तरी सोडवणारा ‘आय’चा अर्थ उत्पन्न असाच धरून बसतो आणि एक या आकड्याकडे त्याचे लक्षच जात नाही. अशा वेळी आडव्या-उभ्या शब्दांतून आधीच मिळालेले अक्षर, विशेषतः ‘य’, हाच भरवशाचा आधार असतो.