स्वयंचलित आणीबाणी ब्रेक प्रणालीच्या मर्यादा

मोटारीच्या पुढे वाहन, पादचारी किंवा अन्य अडथळा आल्याचे ओळखून चालकाला इशारा देणारी आणि त्याने वेळेत ब्रेक दाबला नाही तर स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा ‘एईबी’ (ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग) या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. भारतात ‘अडास’ या नावाखाली दिल्या जाणाऱ्या चालक-साहाय्य सुविधांचा ती एक भाग असतो. होंडाने २००३ मध्ये जपानमधील इन्स्पायर या मोटारीत टक्करीची तीव्रता कमी करणारी ब्रेक प्रणाली आणली. २००८ मध्ये व्होल्वोने एक्ससी६० मध्ये बसवलेली प्रणाली ताशी ३० किमी.पर्यंतच्या वेगातच काम करत असे. पोलिसांत नोंदल्या गेलेल्या, मागून धडकण्याच्या अपघातांचे प्रमाण या प्रणालीमुळे सुमारे निम्म्याने घटते, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. हे यश मोठे आहे. पण ते ज्या परिस्थितीत मिळाले ती परिस्थिती चालकाला ठाऊक नसेल, तर ही प्रणाली त्याला खोटा भरवसा देते.

पहिली मर्यादा गतीच्या नियमांची आहे. ब्रेक पूर्ण लागल्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ५० किमी. वेगाच्या मोटारीला सुमारे १२ मी., तर ताशी १०० किमी. वेगाच्या मोटारीला सुमारे ४८ मी. लागतात. याच वेगात अडथळ्याच्या ३० मी. अलीकडे ब्रेक लागले, तर धडकेच्या क्षणी वेग अजून ताशी ६० किमी.च्या आसपास उरलेला असतो. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०२२ मधील चाचण्यांत पुढे उभ्या असलेल्या गाडीशी होणारी टक्कर ताशी ४८ किमी. वेगात २० पैकी १७ वेळा टळली. ताशी ६४ किमी. वेगात मात्र २० पैकी फक्त ६ वेळा.

दुसरी मर्यादा अधिक खोलवरची असून ती प्रणालीच्या रचनेतच, म्हणजे पुढचा अडथळा ओळखणाऱ्या रडार व कॅमेऱ्यात आहे. उभ्या वाहनाकडून परतणाऱ्या रडार-लहरीतून निघणारा सापेक्ष वेग आपल्या मोटारीच्या वेगाइतकाच असतो आणि नेमका तोच वेग रस्त्याकडेचे कठडे, डोक्यावरचे दिशाफलक, पुलाचे गर्डर व गटारांची लोखंडी झाकणे यांच्याबाबतही मिळतो. जुन्या रडारांना वस्तूची उंची नीट कळत नाही, त्यामुळे फलक रस्त्याच्या वर आहे की गाडी रस्त्यावर उभी आहे, हा निवाडा केवळ रडारवर सोडता येत नाही. अशा प्रत्येक प्रतिध्वनीला ब्रेक लावायचे ठरवले, तर मोकळ्या महामार्गावर गाडी अकारण थबकेल आणि मागची गाडी तिच्यावर आदळेल. म्हणून अनेक रचनांमध्ये मोठ्या वेगात स्थिर वस्तूंचे संकेत गाळले जातात किंवा कॅमेऱ्याने दुजोरा दिला तरच मानले जातात. चुकीचा ब्रेक टाळण्याची किंमत अशी कधीकधी न लागलेल्या ब्रेकने मोजावी लागते.

आडव्या येणाऱ्या वाहनाबाबत ही उणीव ठळकपणे दिसली आहे. ७ मे २०१६ रोजी फ्लॉरिडातील विलिस्टनजवळ टेस्ला मॉडेल एस ही मोटार वळण घेत रस्ता ओलांडणाऱ्या मालट्रकच्या ट्रेलरखाली शिरली व चालक मृत्युमुखी पडला. तिच्या यंत्रणेची रचनाच असे आडवे जाणारे वाहन ओळखण्यासाठी झालेली नव्हती, त्यामुळे इशाराही वाजला नाही आणि ब्रेकही लागले नाहीत, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने काढला. २०२२ च्या वर उल्लेखिलेल्या चाचण्यांतही बाजूने आडव्या येणाऱ्या वाहनाशी होणारी टक्कर एकदाही टळली नाही.

पादचाऱ्यांबाबतचे निष्कर्ष प्रकाशानुसार बदलतात. पादचारी ओळखणाऱ्या प्रणालींमुळे पादचाऱ्यांना धडकण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात आढळले; पण दिवे नसलेल्या रस्त्यांवर रात्री काहीही फरक दिसला नाही. पायी चालणाऱ्याला सर्वाधिक धोका अशाच अंधारात असतो, म्हणून ही त्रुटी गंभीर मानली पाहिजे. मुसळधार पाऊस, धुके, काचेवरचा चिखल आणि मावळतीचा समोरून येणारा सूर्य यांनीही कॅमेरा निकामी होतो. पुढची काच बदलल्यावर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) पुन्हा करून घ्यावे लागते.

कॅमेऱ्याला वाहनांच्या परिचित आकारांवर शिकवलेले असते. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात रात्री उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्त्यावर असतो. बाहेर आलेल्या वाढ्यांनी मागचा आकार झाकलेला, रिफ्लेक्टर दिसेनासे झालेले आणि वेग अगदी कमी, अशा स्थितीत वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी एकत्र येतात. जनावरे, बैलगाड्या व ट्रकबाहेर डोकावणारा माल ओळखला जाईलच असे नाही, असा इशारा अनेक उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत दिलेला असतो. दुर्दैवाने ती पाने फारसे कोणी वाचत नाही.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही प्रणाली बंधनकारक आहे. अमेरिकेच्या २०२४ मधील नियमानुसार सप्टेंबर २०२९ पर्यंत नव्या मोटारींनी सुमारे ताशी १०० किमी. वेगापर्यंत पुढच्या वाहनाशी होणारी टक्कर टाळणे आणि अंधारातही पादचारी ओळखणे अपेक्षित आहे. बाजूने आडव्या येणाऱ्या वाहनाची कसोटी मात्र त्यात नाही.