हिरड्यांवर काडी, पट्टीवर सोनं

ओळखीतल्या एकाने परवा विचारलं, "एचआयव्हीची टेस्ट म्हणे हिरड्यांवरून काडी फिरवून होते, म्हणजे हा रोग थुंकीतून पसरतो ना?" नाही रे बाबा! ती काडी व्हायरस शोधतच नाही, ती शोधते शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीज, आणि त्या रक्तातून हिरड्यांच्या कडेला थोड्या झिरपत असतात.

पुढची गंमत मला भयंकर आवडते. काडी ट्यूबमधल्या द्रावात उभी ठेवली की द्राव टिपकागदावर शाई चढावी तसा काडीतल्या पट्टीवर चढतो, वाटेत त्याला सोन्याचे कण भेटतात, खरंखुरं सोनं बरं का, पण इतकं बारीक की ते पिवळं नाही, लाल दिसतं, कारण त्या आकारात सोन्यातले इलेक्ट्रॉन हिरवा प्रकाश गिळतात. या कणांवर प्रोटीन ए असतं, ते माणसाच्या बहुतेक अँटीबॉडीजना चिकटतं, एचआयव्हीच्या असोत नाहीतर सर्दीच्या. मग निवड कुठे होते? पुढे पट्टीवर एका जागी व्हायरसच्या प्रोटीनचे तुकडे बसवलेले असतात, तिथे फक्त एचआयव्हीच्या अँटीबॉडीज अडकतात, सोबत सोनंही अडकतं आणि रेघ उमटते. त्याच्यापुढची कंट्रोल रेघ कुठलीही मानवी अँटीबॉडी पकडते, म्हणून ती उमटली नाही तर टेस्टच बाद. अमेरिकेत अशी घरी करायची टेस्ट २०१२ मध्ये मंजूर झाली, वेळ लागतो २० ते ४० मिनिटं.

पण लोक करतात का? भीती आणि लाज, दोन्ही आड येतात. नायजेरियात अभिजित बॅनर्जी (तेच, २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना 'शुगा' ही एचआयव्हीवरची सिरियल दाखवली, बाकीच्यांना साधी करमणुकीची, आणि काही महिन्यांनी पाहिलं तर 'शुगा' बघणाऱ्यांमध्ये टेस्ट करून घेण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं! गोष्टीत जे जास्त गुंतले त्यांच्यावर परिणामही जास्त. माहितीपत्रकं वाटून कोण गुंततंय?

आणि हो, 'जडीबुटीने एचआयव्ही मुळापासून बरा' वाले मेसेज सरळ डिलीट करा. रोजच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) गोळ्यांनी व्हायरस इतका दबतो की सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही, पण गोळ्या सुरू व्हायला आधी टेस्ट तर व्हायला हवी.

घरी करणार असाल तर एवढं बघा, अँटीबॉडीज बनायला वेळ लागतो, त्यामुळे लागण होऊन तीन महिने झाले नसतील तर निगेटिव्हवर विसंबू नका. आणि टेस्टची रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची, लगेच लॅबमध्ये जाऊन पक्कं करून घ्यायचं.