कर्मसिद्धांत
कर्मसिद्धांत : कृतीचे फळ तिच्या कर्त्यालाच या किंवा पुढच्या जन्मी भोगावे लागते आणि जन्मतः वाट्याला येणारी स्थिती पूर्वीच्या कृतींतून ठरते, असे मानणारा सिद्धांत. हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख या चारही परंपरांत तो आढळतो. चार्वाकांनी तो नाकारला आणि आजीविकांनी त्याच्या जागी नियती मानली. केलेले वाया जाऊ नये आणि न केलेले माथी येऊ नये (कृतनाश व अकृताभ्यागम हे दोष टळावेत), एवढीच त्यामागची मूळ अपेक्षा. मात्र कृती क्षणात संपते आणि फळ वर्षांनी, कदाचित जन्मांनी येते. मधल्या काळात ते कशात टिकून राहते, याचे उत्तर प्रत्येक दर्शनाने वेगळे दिले आहे. दर्शनांमधले खरे मतभेद येथेच आहेत.

उगम : ऋग्वेदात कर्म म्हणजे मुख्यतः यज्ञकर्म. मृताने आपल्या इष्टापूर्ताशी (यज्ञ व दानधर्म यांच्या पुण्याशी) संयुक्त व्हावे ही प्रार्थना (१०·१४·८) आणि त्याने जलात किंवा वनस्पतींत स्थिरावावे हे वचन (१०·१६·३) यांत पुनर्जन्माची बीजे काहींना दिसतात; पण तेथे नैतिक कर्मफलाची कल्पना वाचणे ओढाताणीचे ठरते. ब्राह्मणग्रंथांत परलोकातही पुन्हा मरावे लागण्याची (पुनर्मृत्यू) धास्ती आहे आणि माणूस आपण घडविलेल्या लोकात जन्मतो असे शतपथ ब्राह्मण सांगते; घडविण्याचे साधन मात्र यज्ञच.

निःसंदिग्ध उल्लेख बृहदारण्यक उपनिषदात सापडतो (सामान्यतः इ. स. पू. सातवे–सहावे शतक, हा काळ अंदाजी आहे). मृताची वाणी अग्नीत, प्राण वायूत आणि डोळे सूर्यात गेल्यावर पुरुष उरतो कोठे, असे आर्तभाग विचारतो. याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला सभेबाहेर नेतो आणि पुण्यकर्माने माणूस पुण्यवान, पापकर्माने पापी होतो, असे एकांतात सांगतो (३·२·१३). पाच अग्नींच्या रूपकातून पुनर्जन्माचा क्रम सांगणाऱ्या पंचाग्निविद्येत (बृहदारण्यक ६·२, छांदोग्य ५·३–१०) प्रवाहण जैवली हा राजा ही विद्या पूर्वी ब्राह्मणांकडे गेली नव्हती, असे गौतमाला (उद्दालक आरुणीला) ऐकवतो. या दोन स्थळांवर तीन मते उभी आहेत. गार्बे, डॉयसन इत्यादी पाश्चात्त्य अभ्यासकांनी क्षत्रियांना जनकत्व दिले. ब्राँकहॉर्स्ट यांच्या मते ही कल्पना पूर्वेकडील, मगध परिसरातील श्रमणसंस्कृतीतून (वेदबाह्य संन्यासी परंपरांतून) वैदिकांकडे आली. टल यांनी ती यज्ञविचारातूनच क्रमाने विकसित झाल्याचे दाखविले. राजाच्या तोंडी विद्या घालणे ही उपनिषदांची एक मांडणीही असू शकते, त्यामुळे पहिल्या मताला आज फारसा आधार उरलेला नाही. उरलेल्या दोहोंपैकी एकच निवडण्याची गरज दिसत नाही. छांदोग्यातील प्रवाहणाच्या कथनात आत्मा चंद्रावरून पावसाबरोबर उतरतो, वनस्पतींत आणि अन्नात शिरतो. हा जवळजवळ यांत्रिक क्रम आहे. रमणीय आचरणाने चांगली योनी व कुत्सित आचरणाने श्वान, सूकर किंवा चांडाळ योनी हे नैतिक कलम (५·१०·७) बृहदारण्यकाच्या समांतर पाठात नाही. म्हणजे पुनर्जन्माची कल्पना आणि नैतिक कर्मफल हे दोन धागे असून ते नंतर एकत्र विणले गेले, असे मानण्यास जागा आहे.

जैन मत : कर्म हे सूक्ष्म पुद्गल म्हणजे द्रव्यच आहे, असे मानणारे हे एकमेव प्रमुख दर्शन, म्हणून मोजमापही येथेच सर्वांत काटेकोर आहे. मन, वाणी व काया यांच्या स्पंदनाने (योग) कर्मपुद्गल जीवाकडे येतात आणि क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे चिकटतात. बंध चार अंगांचा : प्रकृती (प्रकार), प्रदेश (परमाणूंचे प्रमाण), स्थिती (मुदत) आणि अनुभाग (तीव्रता). पहिली दोन योगावर, पुढची दोन कषायांवर अवलंबून असतात. म्हणून तीच क्रिया निर्विकारपणे केल्यास बंध जवळजवळ टिकत नाही. मूळ प्रकृती आठ. ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय व अंतराय या घाती, म्हणजे जीवाच्या गुणांचा घात करणाऱ्या. वेदनीय, आयू, नाम व गोत्र या अघाती. उत्तर प्रकृती (उपप्रकार) प्रचलित गणनेत १४८ असून त्यांपैकी ९३ एकट्या नामकर्माच्या आहेत. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाची संख्या ९७ येते, कारण तेथे नामकर्माचे ४२ भेदच धरले आहेत. मोहनीयाची कमाल स्थिती ७० कोडाकोडी सागरोपम (सागरोपम हे अतिप्रचंड कालमान, कोडाकोडी म्हणजे कोटी गुणिले कोटी), नाम व गोत्र यांची २०, आयूची मात्र केवळ ३३ सागरोपम (कोडाकोडी नव्हे, ही गफलत वारंवार होते). बांधलेले कर्म लगेच फळत नाही. आयू सोडून इतर कर्मांना दर कोडाकोडी सागरोपमामागे १०० वर्षे आबाधाकाल (फळ न देता थांबण्याचा काळ) असतो, म्हणजे कमाल मोहनीयास ७,००० वर्षे. पुढच्या भवाचे आयू चालू आयुष्याचे तीनपैकी दोन भाग उलटल्यावर बांधले जाऊ शकते : ८१ वर्षांच्या आयुष्यात ५४ पूर्ण झाल्यावर, तेव्हा न झाल्यास ७२ नंतर, मग ७८ नंतर, अशा आठ संधी असतात. तपाने कर्म मुदतीआधी उदयास आणता येते (उदीरणा), त्याची स्थिती व तीव्रता घटविता येते. निकाचित (अतिदृढ बांधलेले) कर्म मात्र भोगूनच संपते. केवलीचे (सर्वज्ञ झालेल्या जीवाचे) आयू इतर अघाती कर्मांआधी संपत असेल तर तो समुद्घात या क्रियेने आत्म्याचे प्रदेश (सूक्ष्म अंश) आठ समयांत (काळाच्या सूक्ष्मतम एककांत) लोकभर पसरवून परत आवरतो आणि मुदती समान करतो.

बौद्ध मत : कर्म म्हणजे चेतना, हेतू, अशी व्याख्या अंगुत्तर निकायात (६·६३) बुद्धाच्या तोंडी येते. अट्ठकथांनुसार (पाली भाष्यांनुसार) प्राणिहत्या पूर्ण होण्यास पाच अंगे लागतात : प्राणी असणे, तो प्राणी असल्याची जाणीव, मारण्याची इच्छा, प्रयत्न आणि मृत्यू. नकळत पायाखाली किडा मेल्यास हत्येचे कर्म होत नाही. चिमूटभर मीठ वाटीभर पाणी खारट करते, गंगेला नाही; तसे तेच लहान पाप अविकसित माणसाला नरकात नेते आणि साधकाला या जन्मीच किरकोळ फळ देऊन संपते, असे लोणफलसुत्त म्हणते. सर्व सुखदुःखे पूर्वकर्मानेच येतात हे मत बुद्धाला मान्य नव्हते : सीवकसुत्तात वेदनेची आठ कारणे दिली असून पित्त, कफ, वात, सन्निपात, ऋतुबदल, विषम आचार व बाह्य आघात यांनंतर कर्मविपाक येतो. आत्मा नसताना फळ कोणाला, या आक्षेपावर सौत्रांतिक या बौद्ध पंथाने चित्तसंततीतील (चित्ताच्या अखंड प्रवाहातील) बीज आणि योगाचार पंथाने आलयविज्ञान (कर्मबीजे साठविणारे मूळ विज्ञान) सुचविले.

वैदिक दर्शने : मीमांसकांनी यज्ञ व फळ यांच्यामध्ये अपूर्व ही अदृष्ट शक्ती कल्पिली. दर्शपूर्णमास या अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञातील सहा प्रधान यागांपैकी प्रत्येकाचे एक उत्पत्त्यपूर्व, पौर्णिमेच्या तीन व अमावास्येच्या तीन यागांचे मिळून एकेक समुदायापूर्व आणि त्या दोहोंतून फळ देणारे परमापूर्व. एक याग चुकला की साखळी तुटते. जड अपूर्व फळ कसे देईल, असा वेदान्त्यांचा आक्षेप. त्यांच्या मते फळ देणारा ईश्वर असून (ब्रह्मसूत्र ३·२·३८) जगातील विषमतेचा दोष त्याला लागत नाही, कारण तो कर्मसापेक्ष वाटप करतो (२·१·३४). न्याय-वैशेषिकांत धर्म-अधर्म हे आत्म्याचे गुण, तेच अदृष्ट. योगदर्शनात कर्माशयाचे (साठलेल्या कर्मसंस्कारांचे) फळ जाती, आयू व भोग असे तिहेरी असते, पण मुळाशी क्लेश असतील तरच. वेदान्तानुसार ज्ञानाने संचित (साठलेले कर्म) नष्ट होते, प्रारब्ध (फळ देऊ लागलेले कर्म) देहपातापर्यंत भोगावे लागते. संचित, प्रारब्ध व क्रियमाण (सध्या घडत असलेले) ही रूढ त्रयी टिळकांनी गीतारहस्यात सदोष ठरविली आणि प्रारब्धकार्य (फळ सुरू झालेले) व अनारब्धकार्य (फळ सुरू न झालेले) हे दोनच भेद ग्राह्य धरले; ब्रह्मसूत्रांची (४·१·१५) परिभाषाही हीच आहे.

फळ दुसऱ्यास देता येते काय, याबाबत ग्रंथ आणि आचार यांत मेळ नाही. श्राद्ध व बौद्धांचे पत्तिदान (आपले पुण्य इतरांस देणे) यांत ते गृहीत आहे. जैन सिद्धांतात त्याला वाव नाही.

इतर धर्म : शीख मतात कर्म हे हुकमाच्या (ईश्वरी आज्ञेच्या) अधीन असून मुक्ती कृपेने मिळते. पेरावे तसे उगवते हा विचार बायबलमध्ये (गलतीकरांस पत्र ६·७) आहे. कणभर सत्कृत्य वा दुष्कृत्यही दिसून येईल असे कुराण (९९·७–८) सांगते. पण तेथे न्याय देणारा ईश्वर असतो आणि आयुष्य एकच. शिवाय जन्मांधाचे दुःख कोणाच्या पापाचे, हा प्रश्न येशू फेटाळतो (योहान ९·३). चिनी ताओमतातील चंगफू कल्पनेत पूर्वजांच्या दोषांचा भार वंशजांवर येतो, म्हणजे कर्ता व भोक्ता एक नसतात. त्यामुळे हे साम्य नैतिक अपेक्षेपुरते आहे, यंत्रणेचे नाही. सर्व धर्मांना लागू असा निसर्गनियम ही मांडणी मुख्यतः १८७५ मध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या प्रसाराने रूढ झाली.

टीका : मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायासारख्या ग्रंथांनी कर्माची सांगड जातिव्यवस्थेशी घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बौद्ध धम्मावरील ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते, हे मत बुद्धाचे नसल्याचे प्रतिपादन केले.