स्वमग्न प्रौढांचा रोजगार

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या प्रौढ व्यक्तीला तिच्या कुवतीला आणि आवडीला साजेसे, रास्त वेतनाचे काम मिळवून देणे, आणि पुढे ते काम टिकावे म्हणून तिला व तिच्या कामाच्या ठिकाणाला आधार देत राहणे, असे या कार्याचे दोन भाग आहेत. दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे आणि बहुतेक योजना तिथेच तोकड्या पडतात. नेमणूक झाली की काम फत्ते झाले, असे सगळेच धरून चालतात. खरी कसोटी त्यानंतर लागते: पर्यवेक्षक बदलतो, बसायची जागा बदलते, कामाची पद्धत बदलते, आणि त्या वेळी मदतीला कोणी उरलेले नसते.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित, जन्मभर सोबत राहणारी अवस्था आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे वर्णन केले ते लहान मुलांना पाहून, आणि पुढची कित्येक दशके तिच्याकडे बालपणातला विकार म्हणूनच पाहिले गेले. उपचार, शाळा, पालकांचे प्रशिक्षण ही सारी व्यवस्था मुलांभोवती उभी राहिली. मुले मोठी होणार आणि आयुष्याचा बराच मोठा काळ प्रौढ म्हणून जगणार, याचा विचार फार उशिरा सुरू झाला. आजही अनेक देशांत शाळा सुटते त्याच दिवशी आधारही सुटतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२० सालासाठी काढलेल्या माहितीनुसार कामाच्या वयातल्या स्वमग्न व्यक्तींपैकी केवळ २१.७ टक्के रोजगारात होत्या. पुढच्या वर्षी हे प्रमाण २९ टक्के झाले. सर्व प्रकारचे अपंगत्व एकत्र धरले तर तिथे निम्म्याहून थोडे अधिक लोक काम करतात आणि अपंगत्व नसलेल्यांमध्ये हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे. ज्यांना काम मिळते त्यांतही शिक्षणाच्या मानाने फार खालचे काम करणारे पुष्कळ असतात.

मुलाखतीची भिंत : सर्वात आधी अडते ते मुलाखतीत. नजरेला नजर देणे, हस्तांदोलन, हलक्याफुलक्या गप्पा, ‘स्वतःबद्दल काहीतरी सांगा’ यासारखा कुठूनही सुरू होऊ शकणारा प्रश्न, अशा गोष्टींवर उमेदवार तिथे जोखला जातो. ज्या कामासाठी माणूस हवा आहे त्या कामाशी यांतल्या बऱ्याच गोष्टींचा संबंध नसतो. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ मधला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. स्वमग्न व्यक्तींना काही सेकंद पाहून किंवा ऐकून लोकांनी त्यांच्याविषयी प्रतिकूल मत बनवले. मात्र त्यांचे तेच बोलणे नुसते लिहून वाचायला दिले, तेव्हा तो प्रतिकूलपणा नाहीसा झाला. म्हणजे त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती, ऐकणारा त्यांच्या आवाजावर आणि हावभावांवर अडला होता. यावरचे उपाय साधे आहेत. प्रश्न आधी लेखी द्यावेत, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, काल्पनिक प्रसंगाऐवजी प्रत्यक्ष केलेल्या कामाबद्दल विचारावे, आणि शक्य असेल तिथे मुलाखतीऐवजी काही दिवस काम करूनच दाखवू द्यावे.

डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोने यांनी २००४ मध्ये ‘स्पेशलिस्टर्न’ ही कंपनी याच विचारातून सुरू केली. त्यांचा मुलगा स्वमग्न आहे आणि ते स्वतः दूरसंचार क्षेत्रात काम करत होते. उमेदवार कसा विचार करतो हे जोखण्यासाठी या कंपनीने लेगोचे यंत्रमानव बांधायला देण्याची पद्धत वापरली. सॉफ्टवेअर तपासणीसारख्या, बारकाव्यांवर लक्ष लागणाऱ्या कामांत हे कर्मचारी चमकले. पुढे २०१३ मध्ये जर्मनीच्या ‘सॅप’ या सॉफ्टवेअर कंपनीने आणि २०१५ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने स्वमग्न व्यक्तींच्या भरतीसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केले. या उपक्रमांनी मोठ्या उद्योगांचे लक्ष वेधले, हे त्यांचे श्रेय मोलाचे आहे. पण त्यांच्यामुळे एक गैरसमजही पसरला: स्वमग्न म्हणजे संगणकात हुशार. अनेकांना संगणकात काडीचा रस नसतो. कोणाला रोपवाटिकेत रमायचे असते, कोणाला ग्रंथालयात, कोणाला प्राण्यांमध्ये. काहींना खूप आधार लागतो, काही बोलतही नाहीत. त्यांचा या कार्यक्रमांत बहुधा विचारच झालेला नसतो.

आधी काम, मग शिक्षण : एके काळी अपंग व्यक्तींना संरक्षित, म्हणजे फक्त त्यांच्यासाठीच चालवलेल्या, कार्यशाळेत बसवून पाकिटे भरणे, सुटे भाग निवडणे अशी कामे देत. ‘तयारी झाली की बाहेर पाठवू’ असे म्हटले जाई आणि ती तयारी वर्षानुवर्षे चालू राही. १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेत पॉल वेमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा क्रम उलटा केला: आधी खऱ्या नोकरीत रुजू करायचे आणि तिथेच शिकवायचे. यालाच समर्थित रोजगार म्हणतात. १९८६ मध्ये अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यात त्याला स्थान मिळाले. स्वमग्न व्यक्तींच्या बाबतीत तर हा क्रम विशेष योग्य ठरतो, कारण एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप लागू करणे त्यांच्यापैकी अनेकांना जड जाते. वर्गात शिकलेली साफसफाई आणि रुग्णालयातली साफसफाई या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

या पद्धतीचा कणा म्हणजे जॉब कोच, कामाच्या ठिकाणी सोबत राहून शिकवणारा माणूस. तो आधी स्वतः ते काम करून पाहतो आणि त्याचे टप्पे पाडतो. समजा, वॉर्डातल्या ट्रॉलीत सामान भरायचे आहे. ‘ट्रॉली भर’ या दोन शब्दांत इतरांना सगळे कळते. पण किती भरली म्हणजे भरली? हातमोज्यांची एकच पेटी उरली असेल तर दुसरी ठेवायची का? कापूस संपलेला असेल तर थांबायचे, कोणाला विचारायचे, की पुढचा कप्पा भरायचा? कोच प्रत्येक कप्प्याचा नीट भरलेल्या अवस्थेतला फोटो काढून तिथेच चिकटवतो, वस्तूंची संख्या लिहितो आणि एखादी वस्तू नसेल तर काय करायचे याची एक ओळ त्याखाली जोडतो. सुरुवातीला तो दिवसभर शेजारी उभा असतो, मग तासभर येतो, मग आठवड्यातून एकदा फोन करतो. मात्र आधार असा कमी करत नेणे वेगळे आणि तो काढून घेणे वेगळे. ही रेषा पुसली जाते तिथे नोकऱ्या जातात.

‘प्रोजेक्ट सर्च’ हा कार्यक्रम याच वाटेने वाढला. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६ मध्ये आपत्कालीन विभागाच्या प्रमुख एरिन रील यांना सामान भरणाऱ्या माणसांची गरज होती. ज्या मुलांवर आपण उपचार करतो तीच मोठी होऊन इथे काम का करू शकणार नाहीत, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून उभ्या राहिलेल्या या कार्यक्रमात अपंग विद्यार्थी शाळेचे शेवटचे वर्ष रुग्णालयातच काढतात आणि वेगवेगळ्या विभागांत काम शिकतात. वेमन यांच्या गटाने स्वमग्न युवकांसाठी त्यात खास आधाराची भर घालून चाचणी घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असा आधार मिळालेल्या २४ पैकी २१ युवकांना नोकरी लागली; नेहमीची मदत मिळालेल्या १६ पैकी फक्त एकाला. संख्या लहान आहे, पण फरक इतका मोठा आहे की ‘यांना काम जमणार नाही’ हे पालुपद त्यापुढे टिकत नाही.

टिकवणे : स्वमग्न कर्मचाऱ्याची नोकरी पुष्कळदा कामातल्या चुकीमुळे जात नाही. न लिहिलेले नियम, गोंगाट, ऐन वेळचे बदल आणि मोघम सूचना यांत ती जाते. ‘वेळ मिळेल तसं हे बघून टाक’ असे साहेब म्हणतात, तेव्हा ते ‘आजच कर’ असे सांगत असतात. ऐकणाऱ्याला वेळ मिळालेला नसतो, म्हणून तो करत नाही आणि उद्धट ठरतो. तेच ‘गुरुवारी तीनपर्यंत या यादीतल्या नोंदी तपास, चुका लाल रंगात दाखव, अडलास तर मेसेज कर’ असे सांगितले की काम वेळेत होते. अशा स्पष्टपणाचा फायदा त्या कचेरीतल्या प्रत्येकालाच होतो. याशिवाय ठरलेली जागा, लुकलुकणाऱ्या दिव्यापासून सुटका, कानावर हेडफोन लावायची मुभा, एकट्याने जेवायची मोकळीक, बदलाची आदल्या दिवशी सूचना, अशा बहुतेक सोयींना खर्च नगण्य असतो.

गैरसमज दोन्हीकडून होतो, हे डेमियन मिल्टन या स्वमग्न संशोधकाने २०१२ मध्ये ठामपणे मांडले. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की स्वमग्न माणसे एकमेकांना माहिती तितक्याच अचूकपणे पोचवतात जितकी इतर माणसे आपसांत. गळती होते ती मिश्र गटांत. त्यामुळे केवळ स्वमग्न कर्मचाऱ्याला ‘सामाजिक कौशल्ये’ शिकवून भागत नाही, पर्यवेक्षक आणि सहकारी यांनाही शिकावे लागते. दिवसभर इतरांसारखे वागण्याची धडपड करणारा माणूस घरी पोचेपर्यंत पिळून निघतो. असे महिनोन्‌महिने चालले की तो कोसळतो, आणि ‘एवढं छान चाललं होतं’ म्हणून सगळे चकित होतात.

स्वमग्नता उघड करावी की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे. सांगितले नाही तर सवलती मागता येत नाहीत. सांगितले तर बढती अडण्याची किंवा कीव वाट्याला येण्याची भीती असते. काही जण निदानाचे नाव न घेता फक्त गरज सांगतात: ‘मला सूचना लेखी लागतात.’ मधला मार्ग म्हणून तो पुष्कळांना मानवतो.

ज्यांना अधिक आधार लागतो त्यांच्यासाठी आहे त्या पदांत माणूस शोधण्याऐवजी माणसाभोवती पद घडवले जाते. तीन जणांच्या कामातला रेंगाळणारा भाग काढून त्याचे एक नवे काम तयार होते, मग ते आठवड्याला दहा तासांचे का असेना. न बोलणाऱ्या व्यक्तीला चित्रफलक किंवा टॅबलेटद्वारे आपली पसंती सांगता येते. तिला विचारावे मात्र लागते. बैठकीत तिच्या वतीने आईवडीलच उत्तरे देत राहिले, तर ते काम त्यांच्या मनासारखे होते, तिच्या नाही.

कायदा आणि वेतन : संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातले २७ वे कलम इतरांच्या बरोबरीने काम करण्याचा हक्क मान्य करते. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यानुसार मालकाला वाजवी बदल करावे लागतात. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी पदांसाठी ४ टक्के आरक्षण असून त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. याउलट अमेरिकेच्या १९३८ च्या श्रममानक कायद्याने अपंग कामगारांना किमान वेतनाहून कमी पैसे देण्याची मुभा ठेवली होती. कित्येक राज्यांनी नंतर ही प्रथा बंद केली. जिथे पगार सुरू होताच अपंगत्वाचा भत्ता थांबतो तिथे कुटुंबे नोकरी नाकारतात. पगार तुटपुंजा, नोकरीची खात्री नाही आणि ती गेल्यावर भत्ता पुन्हा सुरू व्हायला किती काळ लागेल हे माहीत नाही, अशा स्थितीत त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

या अडचणी असूनही नीट आधार मिळाला तर काय साधते, हे एका उदाहरणातून दिसते. लंडनमध्ये स्वमग्न प्रौढांसाठी चाललेल्या ‘प्रॉस्पेक्ट्स’ या समर्थित रोजगार सेवेचा आठ वर्षांचा आढावा पॅट्रिशिया हाउलिन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. सेवा घेणाऱ्यांपैकी सुमारे ६८ टक्के लोकांना काम मिळाले. त्या काळात मिळालेल्या १९२ नोकऱ्यांपैकी बहुसंख्य कायम स्वरूपाच्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा कार्यालयीन, तांत्रिक किंवा संगणकाच्या कामांच्या होत्या.