दोमेन की मेझाँ? बरगंडीच्या बाटलीवरची सर्वांत बारीक ओळ

फ्रान्समधल्या बरगंडी प्रदेशाची रेड वाइन कुणी आणली की तिच्यासोबत एक वाक्य ठरलेलं असतं: "घरच्या मळ्यातली आहे, चार पिढ्यांचं कुटुंब आहे." कुटुंब चार पिढ्यांचं असतं, ते खरं. मळा त्यांचाच असेल, हे मात्र त्यावरून ठरत नाही. बोन शहरातलं जोसेफ द्रुअँ हे घराणं 1880 पासून वाइनच्या धंद्यात आहे आणि आजही कुटुंबाच्याच हातात आहे. ते स्वतःच्या बागांमधली वाइनही विकतात आणि इतर शेतकऱ्यांच्या द्राक्षांपासून केलेलीही. दुकानदार दोन्ही बाटल्यांना "फॅमिली इस्टेट" म्हणून मोकळा होतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दोमेन म्हणजे स्वतः कसलेल्या बागेतली द्राक्षं, स्वतःच्या तळघरात केलेली वाइन, तिथेच भरलेली बाटली. मेझाँ म्हणजे व्यापारी घराणं, फ्रेंचमध्ये नेगोसियाँ. हा शेतकऱ्याकडून द्राक्षं, रस किंवा नुकतीच तयार झालेली वाइन विकत घेतो. त्याला अडत्या समजू नका. अडत्या माल हातावेगळा करतो. नेगोसियाँ तो वर्ष-दीड वर्ष आपल्या पिंपांत सांभाळतो आणि स्वतःच्या नावाने विकतो. दलाल वेगळाच असतो, त्याला कुर्तिए म्हणतात. नाशिक-दिंडोरीच्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये, करारावर बागायतदारांची द्राक्षं घेणाऱ्या वायनऱ्या तिथेही आहेत.

फ्रान्समधल्याच बोर्दो प्रदेशाचा शातो, म्हणजे तिथला वाइनचा मळा, माहीत असेल तर दोमेनचा नियमही तोच आहे, त्यावर अडून राहायला नको. फक्त बोर्दोतला नेगोसियाँ बहुतेकदा शातोने स्वतः भरलेल्या बाटल्या पुढे विकतो, म्हणजे तिथे तो वितरक ठरतो. शिवाय शातो मूतों रोथशिल्द आणि मूतों कादे एकच समजण्याची चूक विमानतळावरच्या दुकानात रोज होते. पहिली एका मळ्याची वाइन. दुसरी बोर्दोभरच्या शेतकऱ्यांच्या मालातून केलेली. आडनाव एक, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

बरगंडीत दोमेन आणि मेझाँ यांच्यातले बाकीचे फरक किरकोळ. द्राक्ष दोन्हींत पिनो न्वार. गावाची वाइन, प्रीमिए क्रू, ग्राँ क्रू ही खालून वर जाणारी उतरंड जमिनीला लागू होते, विकणाऱ्याला नाही. लेबलवरचं "ग्राँ व्हँ द बुर्गोन्य", म्हणजे "बरगंडीची थोर वाइन", हा दर्जा नव्हे. "जुन्या वेली" या शब्दाला वयाची कायदेशीर अट नाही. या दोन्हींवर पैसे वाढवून देऊ नका.

व्यापारी मुळात लागतो कशाला, याचं उत्तर वारसाहक्कात आहे. 1804 च्या नेपोलियनच्या कायद्याने मुलांमध्ये समान वाटण्या आल्या आणि बागांचे तुकडे पडत गेले. क्लो द व्हुजो ही जेमतेम 50 हेक्टरची ग्राँ क्रू बाग आज सुमारे 80 मालकांत वाटलेली आहे. तिचा सातबारा असता तर केवढा लांब झाला असता! आता हिशेब करून बघा. हेक्टरी 40 हेक्टोलिटर उतारा धरला तर 5 गुंठ्यांतून निघते सुमारे 200 लिटर वाइन. बरगंडीचं पिंप, ज्याला पिएस म्हणतात, ते 228 लिटरचं. म्हणजे एक पिंपही भरत नाही. अर्धवट पिंपात हवा राहते आणि वाइन आंबटते. एवढ्याशा मालासाठी वेगळी टाकी, वेगळं पिंप ठेवणं परवडत नाही, म्हणून असा शेतकरी द्राक्षं विकून टाकतो. व्यापारी अशा पाच-सहा जणांचा माल एकत्र करून, समजा जव्रे-शांबेर्तां या गावाची, एक वाइन उभी करतो. यात फसवणूक काहीच नाही. पण ती एका कुटुंबाच्या एका मळ्याची चव नव्हे, आणि तसं सांगून ती विकली जाऊ नये.

1920-30 च्या दशकांत मार्की दांजेरव्हील, आंरी गूज, आर्मां रूसो यांच्यासारख्या मळेवाल्यांनी व्यापाऱ्यांकडून होणाऱ्या भेसळीला कंटाळून स्वतःच बाटल्या भरायला सुरुवात केली. तेव्हापासून लेबलच्या तळाशी येणाऱ्या एका ओळीला किंमत आली. लोक नेमकी तीच वाचत नाहीत.

ही ओळ "मिझ आँ बुतेय" अशी सुरू होते, म्हणजे "बाटलीत भरली". सगळा अर्थ तिच्या पुढच्या दोन-तीन शब्दांत आहे. पुढे "ओ दोमेन" किंवा "ओ शातो" असेल तर द्राक्षं त्या मळ्याने कसलेल्या जमिनीतली आहेत आणि वाइन तिथेच झाली आहे. हा शब्द कायद्याने राखीव आहे, विकत घेतलेल्या द्राक्षांच्या वाइनवर तो छापता येत नाही. "आ ला प्रोप्रिएते" दिसलं की लोक "मालकाच्या जागेवर" असं भाषांतर करून निर्धास्त होतात. पण ही ओळ सहकारी संस्थेलाही वापरता येते, आणि तिथे पन्नास सभासदांची द्राक्षं एका टाकीत गेलेली असू शकतात. "दाँ नो काव" म्हणजे "आमच्या तळघरात". ऐकायला सर्वांत घरगुती, सांगते सर्वांत कमी. द्राक्षं कुणाची, याबद्दल त्यात अक्षर नाही. "दाँ ला रेजियाँ द प्रोद्युक्स्याँ" म्हणजे नुसतं "त्या प्रदेशात कुठेतरी". आणि "पार" नंतर नाव आलं तर ते भरणाऱ्याचं नाव, पिकवणाऱ्याचं असेलच असं नाही.

त्या नावापुढे बऱ्याचदा गावाऐवजी पिनकोड असतो, 21200 म्हणजे बोन, 21220 म्हणजे जव्रे-शांबेर्तां. गावाचं नाव हेच वाइनचंही नाव असल्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होऊ नये, म्हणून ही सोय. पिनकोड दिसला म्हणजे काहीतरी लपवलंय, हा समज चुकीचा.

इथे जाणकारही अडखळतात: "कसलेली" म्हणजे "मालकीची" नव्हे. दोमेनला जमीन खंडाने घेता येते, त्याला फेर्माज म्हणतात, करार किमान 9 वर्षांचा असतो. बटाईनेही घेता येते, त्याला मेतायाज म्हणतात. त्यात मालकाला रोख रकमेऐवजी द्राक्षांचा किंवा वाइनचा वाटा मिळतो, साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा. आपल्याकडची अर्धेलीच ही. या वाट्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. ग्रिओत-शांबेर्तां या ग्राँ क्रू बागेतल्या दोमेन दे शेझोच्या वेली पोंसो कुटुंबाने बटाईने कसल्या, आणि त्याच वेलींची वाइन दोन वेगवेगळ्या दोमेनच्या लेबलांखाली बाजारात आली. दोन्ही लेबलं नियमात बसणारी आहेत. त्यामुळे "दोमेन म्हणजे सातबारा त्यांच्याच नावावर" हे ठामपणे सांगणं बंद करायला हवं. दोमेन हमी देतं ती हाताची, मालकीची नाही. छाटणी कधी करायची, काढणी कोणत्या दिवशी, सडके घड किती टाकून द्यायचे, हे सगळं एकाच घराने ठरवलेलं असतं. व्यापाऱ्याने द्राक्षं घेतली असतील तर यातलं थोडं त्याच्याही हातात राहतं. तयार वाइन घेतली असेल तर पिंपापलीकडे काहीच नाही.

नावावरून अंदाज बांधू नका. व्होन-रोमानेतलं "ग्रो फ्रेर ए सर", म्हणजे "भाऊ-बहीण", हे दोमेन आहे. त्याच गावातलं "मेओ-कामुझे फ्रेर ए सर" हे मात्र त्या घराण्याचं व्यापारी लेबल, आणि त्यांच्या स्वतःच्या मळ्याची वाइन "दोमेन मेओ-कामुझे" या नावाने येते. द्युजाकचंही तसंच. "दोमेन द्युजाक" मळ्याची. "द्युजाक फीस ए पेर" विकतच्या द्राक्षांची. एरवी बाटल्यांवर "पेर ए फीस" म्हणजे "बाप-लेक" असतं, इथे क्रम उलटा, "लेक-बाप". उलट दिशेने लुई जादो हे मोठं व्यापारी घराणं, पण त्यांच्या काही बाटल्यांवर खाली बारीक अक्षरांत "दोमेन दे एरितिए लुई जादो" लिहिलेलं असतं, म्हणजे ती वाइन घरच्या बागांची. ग्रो आडनावाची तर चार वेगळी दोमेन आहेत, वाटण्यांतून निघालेली. नुसतं आडनाव सांगून बाटली मागवली तर हवी ती मिळेलच असं नाही.

काहीजण बुचावरच्या टोपीवरचा मारियानचा (फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा) शिक्का शोधतात, त्यात पिकवणाऱ्यासाठी "आर" आणि व्यापाऱ्यासाठी "एन" असतो. फ्रान्समध्ये घेतलेल्या बाटलीवर तो बघायला हरकत नाही, पण 2019 पासून हा शिक्का ऐच्छिक आहे आणि निर्यातीच्या बाटल्यांवर सहसा नसतोच, कारण तो फ्रान्समधल्या कराचा आहे. मुंबई-पुण्यात किंवा दुबईत घेतलेल्या बाटलीवर शिक्का नाही म्हणून ती संशयास्पद ठरत नाही.

माझी पसंती स्पष्ट आहे. ठरावीक पैशांत व्यापाऱ्याची प्रसिद्ध गावाची वाइन घेण्यापेक्षा दोमेनची मार्साने किंवा फिक्सँ गावची घ्या. गावं कमी गाजलेली, पण पूर्ण वर्षाचं काम एका घराचं. एप्रिल 2021 मध्ये हिमदवाने कळ्या जाळल्या आणि कित्येक मळ्यांत जेमतेम पीक आलं. अशा वर्षी दोमेनची किंमत अवाच्या सवा वाढते, तेव्हा दहा गावांतून माल निवडू शकणाऱ्या चांगल्या मेझाँची साधी, फक्त प्रदेशाच्या नावाची "बुर्गोन्य" मी निःसंकोच घेईन.

दुकानात असाल तर बाटली फिरवून मागे बघा. आयातदाराचा स्टिकर नेमका मागच्या लेबलवर चिकटवलेला असतो आणि "मिझ आँ बुतेय" ची ओळ अनेकदा त्याखाली झाकली जाते. ती पुढच्या लेबलच्या तळाशीही सापडली नाही, तर मोबाइलवर निर्मात्याच्या साइटवर त्याच वाइनच्या लेबलचा फोटो बघा. वाइन आणि वर्ष, दोन्ही जुळवून.