लॅपटॉपची रॅम कुठपर्यंत वाढू शकते?

अभियांत्रिकीचे वर्ग सुरू होण्याच्या सुमारास खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुले बेळगावात जुना लॅपटॉप घ्यायला येतात, आणि त्यांना हमखास एक सल्ला मिळतो : ‘रॅम दुप्पट करा, वेग दुप्पट होईल.’ रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी वेगवान मेमरी. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी पालकांचे कष्टाचे पैसे वाया जातात.

चालू कामासाठी रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टीम रॅममधल्या माहितीचा काही भाग हार्ड डिस्क किंवा एसएसडी या कायमच्या साठवणुकीवर हलवते. ही ये-जा रॅमच्या मानाने फारच मंद असल्यामुळे लॅपटॉप अडखळू लागतो. अशा लॅपटॉपची रॅम वाढवली तर फरक तत्काळ जाणवतो. पण ज्याची निम्मी रॅम नेहमीच्या कामात रिकामीच राहते, त्याला आणखी रॅम घालून फारसा वेग मिळत नाही.

मग रॅमच्या पट्ट्या बसवायचे दोन स्लॉट आहेत म्हणून त्यांत हवी तेवढी रॅम बसवता येते का? येत नाही, आणि त्याचे कारण रॅमच्या पत्त्यांत दडलेले आहे. डीडीआर४ या पिढीच्या ८ जीबी रॅम पट्टीवर बहुधा ‘१आर×८’ असे छापलेले असते, म्हणजे प्रत्येकी आठ बिट (शून्य किंवा एक असे आठ अंक) देणाऱ्या चिप्सचा एक संच. आठ चिप्स मिळून एका वेळी ६४ बिट देतात. बेळगावात घर शोधताना आधी गल्ली गाठायची आणि मग घर क्रमांक पाहायचा, तसा चिपलाही पत्ता दोन टप्प्यांत मिळतो : आधी ओळ, मग स्तंभ, आणि दोन्ही त्याच तारांवरून. ही युक्ती १९७३ साली मॉस्टेक कंपनीच्या एमके४०९६ या चिपमध्ये आली आणि ४,०९६ बिटांच्या त्या चिपला पत्त्यासाठी बाराऐवजी सहाच पिना पुरल्या. आजच्या ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपमध्ये ओळीसाठी १६ बिट, स्तंभासाठी १० आणि बँक, म्हणजे चिपमधला विभाग, निवडण्यासाठी ४, असा ३० बिटांचा पत्ता असतो. दोनाचा तिसावा घात म्हणजे सुमारे १०७ कोटी जागा, प्रत्येक जागी आठ बिट, म्हणून ८ गिगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी (गिगाबाइट), आणि अशा आठ चिप्सची पट्टी ८ जीबीची होते.

चिप १६ गिगाबिटची केली की ओळीच्या पत्त्याला सतरावा बिट लागतो. हा पत्ता पाठवणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो, आणि त्याला किंवा लॅपटॉप सुरू करणाऱ्या बायोस या अंगभूत प्रोग्रॅमला तो वाढीव बिट हाताळता येत नसेल, तर पट्टी स्लॉटमध्ये चपखल बसूनही लॅपटॉप सुरू होत नाही किंवा तिची पूर्ण क्षमता वापरता येत नाही. म्हणूनच इंटेलने आय५-४२००यू या प्रोसेसरसाठी १६ जीबी आणि आय५-८२५०यू साठी ३२ जीबी अशा कमाल मर्यादा जाहीर केलेल्या आहेत. ३२ बिटांच्या जुन्या विंडोजची अडचण याच जातीची आहे : तिच्या पत्त्यांची संख्या ४ जीबीला संपते, आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्ससारख्या उपकरणांसाठी राखीव जातात.

मोबाइलच्या जाहिरातींतली ‘८+८ जीबी रॅम’ तर निव्वळ शब्दांचा खेळ आहे, कारण त्यातले दुसरे आठ जीबी साठवणुकीतून उसने घेतलेले असतात. रॅम ‘साफ’ करणाऱ्या ॲपमुळेही रॅमची क्षमता तसूभरही वाढत नाही.

खरेदीपूर्वी रोजची सगळी कामे एकाच वेळी उघडून विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात मेमरी पाहावी. रॅम किती वापरात आहे आणि किती स्लॉट भरले आहेत, हे तिथेच दिसते. त्यानंतर लॅपटॉपच्या तळाशी असलेला मॉडेल क्रमांक घेऊन निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा तपासावी. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, आणि वेगळा स्लॉट नसेल तर ती वाढवता येत नाही. स्लॉट असल्यास पट्टीची पिढीही जुळली पाहिजे : लॅपटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २०४ पिना असतात आणि डीडीआर४ला २६०, शिवाय दोन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे पट्टी सहज बसत नसेल तर ती जोर लावून दाबू नये.